एकशेतीनचा सा

पद्मावतीबाईंचा सा मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फ्रिजवरून खाली पडला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण बिंदुमाधवरावांनी ती ताबडतोब भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवली. पडण्याचं कारण मात्र लिहिलं नाही. कारण ते स्वतःच होते.

सा म्हणजे तंबोऱ्याचा डबा. बटण दाबलं की तारा न छेडता छेडल्यासारखा आवाज देणारा, बंगळुरात गाणं शिकणाऱ्या घरांत असतो तसा. फरक एवढाच, की या डब्याची सूर वरखाली करायची चावी फिरत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ती सैल झाली, तेव्हा एका थेंबात चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब घालून बिंदुमाधवरावांनी ती कायमची पक्की केली होती. तेव्हापासून डब्यात एकच सा होता आणि पद्मावतीबाईंच्या गळ्यातही तोच.

एरवी डबा पडला असता, उचलला असता, आणि दुरुस्तीवाल्याने 'पंधरा दिवसांनी या' म्हटलं असतं. पण रविवारी बसवनगुडीतल्या भजनी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. त्या मंडळात पद्मावतीबाई बावीस वर्षं दुसऱ्या रांगेत बसून कोरसमध्ये गात होत्या. पुढे भीमाचार्यांची हार्मोनियम. भीमाचार्य ती अशा जोराने वाजवत, की पहिल्या रांगेतले आवाजही अर्धेच बाहेर येत. दुसऱ्या रांगेतल्यांनी नुसते ओठ हलवले तरी चालण्यासारखं होतं. आणि यंदा, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, पत्रिकेवर छापून आलं होतं: 'सौ. पद्मावती, एक अभंग, सात मिनिटं.' पत्रिका फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती. डबा पडताना तिलाच घासून पडला.

पद्मावतीबाई स्वयंपाकघरातून आल्या. डब्याचं बटण दाबलं. दिवा लागला, आवाज नाही. त्या नवऱ्याला काहीच बोलल्या नाहीत. पत्रिका सरळ केली आणि आत गेल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात बिंदुमाधवरावांना एवढं मोठं भाषण कधी ऐकावं लागलं नव्हतं.

"मी करतो दुरुस्त," ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले. "रविवारच्या आत."

"चावी केलीत तसं?" आतून आवाज आला.

इथे बिंदुमाधवरावांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. तराजूचा काटा पाहून दुकानदाराचा स्वभाव सांगत. निवृत्त झाल्यावरही हॉटेलात बाय-टू कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत, मागवली, की दोन्ही पेले टेबलावर शेजारी ठेवून, मान खाली घालून, फेसाखालची पातळी बघत. या शहरात रिक्षावाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळे ज्या एका वाक्यावर जगतात, 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे जरासं चालवून घ्या, ते वाक्य कुणी उच्चारलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचं काहीही चालवून घेतलं नव्हतं.

शेजारचे देवाप्पा पाच मिनिटांत हजर झाले. हे मूळचे चिकोडीकडचे, बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त. वायर म्हणजे बसची आणि विजेचा प्रश्न म्हणजे हॉर्नचा, असं त्यांचं शास्त्र.

"काय करालाय वो अण्णा? उघडा की, बघूया," म्हणत त्यांनीच चार स्क्रू काढले. आत हिरव्या रंगाची, चपटी, चिंचोक्याएवढी एक गोळी एका पायावर लटकत होती. दुसरा पाय तुटलेला.

"कंडेन्सर गेलाय. पंख्यात असतोय बघा, त्याचा धाकटा भाऊ. माझ्याकडे पंख्याचा आहे, बसवूया?"

पंख्याचा कंडेन्सर त्यांनी आणूनही दाखवला. तो अख्ख्या डब्याच्या निम्मा होता. बिंदुमाधवरावांनी नम्रपणे नकार दिला आणि भिंग आणलं. चिंचोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: 2A103J.

"टू ए म्हणजे दोन अँपिअर," देवाप्पा म्हणाले. "जे म्हणजे जपान. मधलं तुम्ही बघा."

मधलं बघायला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सुरज मदतीला आला. हा पुण्याचा, मारतहळ्ळीच्या एका कंपनीत कामाला, पण बहुतेक दिवस घरूनच. कानात मीटिंग चालू ठेवून तो जिन्यात उभ्या उभ्या म्हणाला, "काका, हे छोटे कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर ना, पिकोफॅराडमध्ये असतात. बेसिकली ते युनिट आहे. आणि काकू ॲप का नाही वापरत? फ्री आहे."

"वापरला होता," पद्मावतीबाई आतून म्हणाल्या. "आलाप चालू असताना त्यातून एक बाई कर्ज हवंय का विचारायला लागली."

बिंदुमाधवरावांना हवं ते मिळालं होतं. आकडा एकशेतीन, एकक पिकोफॅराड. त्यांनी चिंचोका काडेपेटीत ठेवला, काडेपेटीवर तारीख घातली, आणि बुधवारी सकाळी ते एस. पी. रोडला, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले.

तिथल्या दुकानात काउंटरमागे भिंतभर खण होते आणि प्रत्येक खणात तांदळाच्या दाण्यापासून वांग्यापर्यंत सगळ्या आकारांचे सुटे भाग.

"सॅम्पल इद्या सार?" दुकानदाराने विचारलं. नमुना आणलाय का?

नमुना खिशातल्या काडेपेटीत होता. पण बिंदुमाधवरावांनी तो काढला नाही. नमुना दाखवला की दुकानदार त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी देतो, माप सांगितलं की माप द्यावं लागतं, हे त्यांचं चौतीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं मत होतं. त्यांनी ताठ उभं राहून माप सांगितलं: "एकशेतीन पिकोफॅराड."

"नूरा मूरु बरल्ल सार. नूरु इदे." एकशेतीन येतच नाहीत, शंभर आहेत. आणि दुकानदाराने एक बारकी गोळी काउंटरवर ठेवली. बिंदुमाधवरावांनी भिंग लावलं. गोळीवर छापलं होतं: 101.

"हे शंभर?"

"हौदु सार."

"वर एकशेएक छापलंय."

"एरडू ओंदे सार." दोन्ही एकच.

बिंदुमाधवरावांनी काउंटर धरला. शंभर आणि एकशेएक एकच! हा माणूस भर बाजारात, भर दिवसा, गिऱ्हाइकाच्या तोंडावर हे म्हणतो, आणि मागे रांगेत उभे असलेले चार लोक माना हलवतात! "तुम्ही शंभर म्हणता," ते एकेक शब्द मोजून म्हणाले, "वर छापलंय एकशेएक, मला हवेत एकशेतीन. म्हणजे तुमच्याच छापण्याप्रमाणे दोन कमी."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग रांगेकडे. मग त्याने तसल्याच आणखी तीन गोळ्या कागदाच्या पुडीत टाकल्या, पुडी त्यांच्या हातात दिली आणि हात जोडले. "नाल्कु तगोळ्ळी सार." चार घ्या. "स्वल्प ॲडजस्ट माडी."

कानाच्या पाळ्या लाल करून ते घरी आले. आल्याबरोबर त्यांनी खात्यात फोन लावला. फोनवर योगीराज होता, पूर्वीचा त्यांचा हाताखालचा, अथणीचा. अजूनही त्यांचा आवाज ऐकला की तो खुर्चीतून उठून बोलतो.

"तक्रार लिहून घे. माप कमी दिलं. मागितले एकशेतीन, दिले एकशेएक."

"लिहितो सर. कमी किती? दोन ग्रॅम का दोन मिली?"

"दोन पिकोफॅराड."

पलीकडे बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज आला. "सर, हे आपल्या फॉर्मात नाही. किलो आहे, लिटर आहे, मीटर आहे, नग आहे. नगात घालू?"

"घाल नगात."

"मागितले किती नग सर?"

"एक."

"मिळाले?"

बिंदुमाधवरावांनी पुडी मुठीत लपवली. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "चार."

"सर..." योगीराजचा आवाज फार अदबीचा झाला. "मग हे तीन जास्त होतात. ह्या हिशेबाने तक्रार दुकानदाराची होते. तुमच्यावर."

तक्रार मागे घेण्यात आली.

गुरुवारी सकाळी देवाप्पांनी आपली डाग द्यायची इस्त्री आणली. बसच्या जाड केबली जोडायची ती इस्त्री होती. तापली की खोलीत चुलीसमोर बसल्यासारखं वाटे. 101 ची एक गोळी बसली. आजूबाजूचं थोडं प्लास्टिकही वितळून बसलं. झाकण लागलं, बटण दाबलं, दिवा लागला.

आवाज नाही.

"तापू द्या की स्वल्प," देवाप्पा म्हणाले. "थंडीत बस सुरू होतीय का लगेच?"

म्हणून डबा चालू ठेवून, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून, खिडकीत ठेवण्यात आला. पावणेअकराला पहिला कुत्रा आला. तांबूस, एका कानाचा. तो खिडकीखाली बसला, मान तिरकी केली आणि डब्याकडे पाहू लागला. अकरा वाजेपर्यंत चार झाले. साडेअकराला नऊ. ते भुंकत नव्हते, भांडत नव्हते. ओळीने बसून माना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत होते. शेजारच्या इमारतीतला पांढरा, केसाळ, वर्षभर बूट घालून फिरणारा कुत्राही मालकिणीच्या हातातला पट्टा ओढून पुढच्या रांगेत येऊन बसला.

गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला: 'कुत्र्यांची सभा कुणी बोलावली आहे? खुलासा करावा.' त्याखाली तेवीस जणांनी तेवीस कारणं दिली. एकाने लिहिलं भूकंप. एकाने लिहिलं, बिंदुमाधवरावांच्या खिडकीत मटण असावं. चार पिढ्यांत घरात अंडं न आलेल्या माणसाबद्दल हे लिहिलं गेलं, आणि त्यावर सहा जणांनी अंगठा दाखवला.

दुपारी सुरज कान दाबून खाली आला. "काका, तुमच्याकडे काहीतरी हाय-पिच चालू आहे का? सकाळपासून डोक्यात कोणीतरी सुई फिरवतंय. मी मीटिंगमध्ये बॉसला तीनदा 'काय?' म्हटलं."

"इथे काही चालू नाही," बिंदुमाधवराव दुखावून म्हणाले. "हाच तर प्रश्न आहे."

उलगडा संध्याकाळी सात वाजता झाला. देवाप्पांची सून शिवलीला होसकोटेच्या एका कारखान्यात सर्किटची तपासणी करते. ती कामावरून परत येताना फाटकातच अडकली, कारण फाटकात कुत्रे होते. आत आल्यावर तिने डबा उघडला, गोळी पाहिली आणि हसू आवरायला ओढणी तोंडाशी धरली.

"काका, जुना कुठाय?"

काडेपेटी आली.

"हे असं वाचत नाहीत. पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यायचे. तिसरा आकडा म्हणजे पुढं किती शून्यं मांडायची ते. एकशून्यतीन म्हणजे दहा, आणि पुढं तीन शून्यं. दहा हजार पिको."

बिंदुमाधवराव हळूच खुर्चीत बसले. "आणि एकशून्यएक?"

"दहा, पुढं एक शून्य. शंभर."

म्हणजे दुकानदार खरं बोलत होता. शंभर आणि एकशेएक एकच होते.

"तुम्ही दहा हजारच्या जागी शंभर घातलाय काका. कंडेन्सर जेवढा बारका, तेवढा सूर वर. शंभरपट वर गेलाय. आपल्याला कुठला ऐकू येतोय? सकाळपासून काकूंचा सा गल्लीतली कुत्री ऐकालेत."

"म्हणजे डबा चालू होता?" पद्मावतीबाई दारातून म्हणाल्या. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि हसू थांबेना म्हणून आत जाऊन बसल्या. "बघा, बावीस वर्षांनी श्रोते आले, तेही निमंत्रण न देता!"

"आणि शेवटचा जे?" बिंदुमाधवरावांनी मोठ्या कष्टाने विचारलं.

"जे म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं चालतंय."

"चालतंय? कुणाला चालतंय?"

"सगळ्यांनाच काका. छापूनच विकतात की."

माप चुकेल, आणि किती चुकेल तेही आधीच छापून! बिंदुमाधवरावांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. त्यांनी स्वतः पन्नास ग्रॅमसाठी एका किराणावाल्याचा काटा जप्त केला होता. त्या माणसाने नुसतं मापावर 'जे' लिहून ठेवलं असतं तर?

शुक्रवारी ते पुन्हा एस. पी. रोडला गेले. दुकानदाराने त्यांना लांबूनच ओळखलं आणि हात जोडायच्या तयारीत उभा राहिला. बिंदुमाधवरावांनी मुकाट्याने काडेपेटी उघडली. दुकानदाराने नमुना पाहिला, हिरवा चिंचोका काढून दिला, आणि इतकंच म्हणाला, "मोन्ने हेळबारदा सार?" परवाच सांगायचं नाही का?

संध्याकाळी देवाप्पांनी चुकीची गोळी काढली. ती इस्त्रीला चिकटूनच आली आणि राख झाली. नवा 103 बसला. बटण दाबलं, आणि खोलीभर तंबोरा वाजू लागला. देवाप्पांनी टाळ्या वाजवल्या. सुरजने फोनवर सूर मोजायचं काहीतरी उघडलं आणि ओरडला, "काका, परफेक्ट! सुई बरोबर मधे!"

सुई बरोबर मधे. बिंदुमाधवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तराजूचा काटा मधे उभा राहिलेला बघून त्यांना नेहमीच यायचं.

पद्मावतीबाई गायला बसल्या. सा लावला. थांबल्या. पुन्हा लावला. दोन ओळी गायल्या, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज घसरून खाली कुठेतरी जाऊन बसला. डबा वर, त्या खाली. पाच वेळा असं झालं.

"हा माझा सा नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हे कसा? अचूक आहे. शंभर टक्के अचूक."

"मग अचूक तुमच्यापाशी ठेवा." त्यांनी डबा बंद केला. "मी भीमाचार्यांना फोन करते. माझं नाव काढा म्हणते."

फोनमध्ये नंबर शोधायला त्यांना चष्मा लागत होता, आणि चष्मा बिंदुमाधवरावांनी उशीखाली लपवला. आपण हे केलं, हे त्यांनी पुढे कित्येक दिवस कबूल केलं नाही. मग ते चपलाही न घालता देवाप्पांच्या दारात गेले.

शनिवारी अर्धा दिवस होता. शिवलीला कारखान्यातून मोजायचं यंत्र मागून घेऊन आली. काडेपेटीतल्या जुन्या चिंचोक्याचा तुटका पाय तिने खरवडला, चिमट्यात धरला आणि आकडा पाहिला. पुन्हा पाहिला.

"काका, हा दहा हजार नाही. हवा लागून, जुना होऊन वाढलाय. म्हणून काकूंचा सा अर्ध्या पट्टीनं खाली होता. कधीपासून होता कोण जाणे."

"अकरा वर्षं," बिंदुमाधवराव म्हणाले. चावी चिकटवल्यापासून. चावी फिरत असती तर बाईंनी कधीच तो सरळ करून घेतला असता. "आकडा किती?"

"दहा हजार तीनशे."

बिंदुमाधवरावांनी बोटं मोजली. दहा हजार तीनशे. शेकड्यांत मोजलं तर किती होतात? त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"एकशेतीन!" ते म्हणाले. "एकशेतीन शेकडे! आणि बाजारात मिळतो तो शंभरच! मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय? माप कमी आहे!"

"काका, तो आकडा त्यासाठी छापलेला नव्हता की..." शिवलीलाने सुरुवात केली, पण देवाप्पांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आठवड्यात पहिल्यांदा माणूस ताठ उभा होता.

तीनशे कमी पडत होते. तीनशे कुठून आणायचे? बिंदुमाधवरावांनी खिशातली कागदाची पुडी काढली. आत 101 च्या तीन गोळ्या उरल्या होत्या. प्रत्येकी शंभर. दुकानदाराने ॲडजस्ट करायला दिलेल्या.

इथे मात्र त्यांचा हात थांबला. समोरचा डबा अचूक होता; सुई मधे होती. चौतीस वर्षं चुकीची मापं बरोबर करणाऱ्या माणसाला आता एक बरोबर माप स्वतःच्या हाताने चुकवायचं होतं. त्यांनी आत पाहिलं. पद्मावतीबाई पत्रिका चुंबकाखालून काढून तिची घडी घालत होत्या.

"घाला," ते देवाप्पांना म्हणाले.

तीन गोळ्या शेजारी शेजारी बसल्या. बटण दाबलं. सुरज म्हणाला, "काका, हे तर आऊट आहे," आणि आतून पद्मावतीबाईंचा आवाज आला. त्या उठून आल्या नव्हत्या. पत्रिकेची घडी हातात तशीच होती आणि त्या नुसत्या गात होत्या.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये पत्रिकेतल्या क्रमाप्रमाणे त्यांचं नाव पुकारलं गेलं. डबा चालू झाला. भीमाचार्यांनी बाह्या सरसावल्या, भाता ओढला आणि एक पट्टी दाबली. जुळली नाही. शेजारची दाबली. तीही जुळली नाही. पुन्हा पहिली. पहिल्या रांगेतल्या मनस्विनीताईंनी कानावर हात ठेवला.

"अहो," भीमाचार्य बाजूला उभ्या असलेल्या बिंदुमाधवरावांकडे झुकून कुजबुजले, "ह्याचा सा कुठं आहे?"

"दोन पट्ट्यांच्या मधे."

"मधे पट्टी नसते!"

"नसते ना?" बिंदुमाधवराव म्हणाले. आणि मग, चौतीस वर्षं आणि वर निवृत्तीची चार वर्षं जे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते अगदी सहज निघालं. "स्वल्प ॲडजस्ट माडी, आचार्य."

भीमाचार्यांनी हार्मोनियमचा भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हॉलमध्ये हार्मोनियम गप्प होती. पद्मावतीबाई एकट्या गायल्या, आणि बावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कारण हा आवाज त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकला होता.

बिंदुमाधवरावांची नजर सवयीने घड्याळावर होती. अभंग सात मिनिटं अकरा सेकंद चालला. अकरा सेकंद जास्त. त्यांनी ते कुठेही लिहून ठेवलं नाही.